सोलापूरच्या तलावांतल्या जलपिसवांची जनुकीय विविधता: नमुने कधी, कुठून आणि किती घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सिद्धेश्वर, संभाजी (कंबर), हिप्परगा आणि होटगी या चार तलावांतून जानेवारीत प्रत्येकी २० जलपिसवा (गोड्या पाण्यातले अगदी छोटे कवचधारी प्राणी) घेतल्या. त्यांचा सीओआय जनुक (प्रजात ओळखायला नेहमी वाचतात तो) वाचून घेतला. प्रत्येक तलावात त्याच्या डीएनए-अक्षरांचे एक किंवा दोनच वेगळे क्रम मिळाले. तर ‘या तलावांत जलपिसवांची जनुकीय विविधता नगण्य आहे’ असं प्रबंधात लिहिता येईल का?

नाही, असं लिहू नका. तुमचं काम वाया गेलेलं नाही, पण या माहितीतून हा निष्कर्ष निघत नाही. जलपिसवांच्या बाबतीत विविधता किती दिसते हे तुम्ही पाण्यात कधी जाळी टाकली यावर फार अवलंबून असतं, आणि त्या विविधतेचा मोठा साठा पाण्यात नसून तळाच्या गाळात असतो. सीओआयला तर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

आधी प्रजनन समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खाणं मुबलक असताना जलपिसूची मादी नराशिवाय अंडी तयार करते. ती पाठीवरच्या पिशवीत वाढतात आणि बाहेर पडणारी पिल्लं आईची हुबेहूब जनुकीय प्रत असतात. सांगोल्याच्या बागेत एकाच झाडाच्या गुट्यांपासून लावलेली हजार डाळिंबं जनुकीयदृष्ट्या एकच झाड असतात, तसंच इथे एका मादीपासून वाढलेल्या हजारो पिसवा म्हणजे एकच क्लोन. पाणी २८-३० अंशांवर असेल तर मोईना या जलपिसूंच्या प्रकाराची पिढी दोन-तीन दिवसांत पुढे सरकते, डॅफ्निया या दुसऱ्या प्रकाराला साधारण आठवडा लागतो. म्हणजे तलाव भरल्यापासून जानेवारीपर्यंत अनेक पिढ्या होऊन जातात.

पाणी आटू लागलं, गर्दी झाली, खाणं कमी पडलं किंवा दिवसाचा प्रकाश बदलला की त्याच माद्या नर पिल्लं देऊ लागतात. नर आणि मादी यांच्यात जनुकांचा फरक नसतो, लिंग परिस्थिती ठरवते. मग फलनाची गरज असलेली वेगळी अंडी तयार होतात आणि कवचाचा एक भाग जाड, गडद होऊन त्यांच्याभोवती डबी बनते. हिला इफिपियम म्हणतात. डॅफ्नियाच्या इफिपियममध्ये दोन अंडी असतात, मोईना मायक्रुरा आणि सिरिओडॅफ्नियामध्ये एकच. डायफॅनोसोमा इफिपियम बनवत नाही, तिची सुप्त अंडी सुटी असतात. या सुप्त अंड्यांमध्ये जनुकांची फेरजुळणी झालेली असल्यामुळे प्रत्येक अंडं हा एक नवा जनुकसंच असतो. ती कोरडी पडतात, ऊन खातात आणि तरी जगतात.

आता जानेवारीतलं चित्र पाहा. पावसाळ्यात तळातून शेकडो वेगवेगळे जनुकसंच उबवून बाहेर येतात. पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्यांच्यात स्पर्धा होते. चिलापी आणि इतर मासे मोठ्या, सहज दिसणाऱ्या पिसवा आधी खातात. काही क्लोन परजीवींना बळी पडतात, काहींना निळ्या-हिरव्या शैवालाची साय सोसत नाही. उरलेले मोजके क्लोन भरमसाट वाढतात. यालाच क्लोनची झीज म्हणतात. इंग्लंडमधल्या डॅफ्निया मॅग्नावर पॉल हेबर्ट यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामात हाच फरक दिसला होता: दरवर्षी आटून पुन्हा भरणाऱ्या डबक्यांत जनुकप्रकारांचं प्रमाण हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या (मुक्त लैंगिक प्रजननात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या) जवळ असतं, आणि वर्षानुवर्षं न आटणाऱ्या तळ्यांत ते समतोलापासून दूर जातं, कारण तिथे थोडे क्लोन टिकून राहतात. सोलापूरच्या तलावांत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात. होटगी, हिप्परगा यांचं पाणी उन्हाळ्यात खूप मागे हटतं, तर शहरातल्या तलावांत सांडपाण्यामुळे पाणी टिकून राहू शकतं. हीच तुलना तुमच्या प्रकल्पाची खरी ताकद ठरू शकते, आणि ती जानेवारीतल्या एकाच फेरीत हाती लागत नाही.

सीओआयचं काम दुसरं आहे. तो मायटोकाँड्रियातला जनुक, फक्त आईकडून येणारा, आणि एकाच तुकड्याची माहिती देणारा. वीस वेगळ्या क्लोनचा सीओआय क्रम अगदी सारखा असू शकतो. पण प्रजात ओळखायला तो उत्तम आहे, आणि ती पायरी तुमच्याकडे आधीच झाली आहे. ती जपून वापरा. मोईना मायक्रुरा या एका नावाखाली जगभरात बऱ्याच वेगळ्या वंशरेषा दडलेल्या आहेत. दोन क्रमांत काही टक्क्यांचा फरक असेल तर ती एका प्रजातीतली विविधता समजू नका. त्या दोन प्रजाती असण्याची शक्यता धरून त्यांचे नमुने शेवटपर्यंत वेगळे ठेवा. दोन प्रजाती एकत्र करून आकडेमोड केली की विषमयुग्मजी प्राणी (ज्यांच्यात एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं असतात असे) अपेक्षेपेक्षा कमी दिसतात आणि त्याचा अर्थ चुकून ‘अंतःप्रजनन’, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, असा लावला जातो.

ओळखीबद्दल आणखी एक. युरोपातल्या वर्णनांवरून ‘डॅफ्निया पुलेक्स’ असं नाव देण्याची घाई आपल्याकडे बरीच होते. दख्खनच्या उष्ण पाण्यात ते नाव लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. इथे डॅफ्निया लुमहोल्ट्झी मिळण्याची शक्यता जास्त: डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, मागे शरीराइतका लांब काटा, कवचाच्या कडेला काट्यांची रांग. मोईनाला मागे काटा नसतो आणि चोचही नसते. सिरिओडॅफ्निया एक मिलिमीटरपेक्षा छोटी, डोकं लहान आणि डोकं व धड यांच्यामध्ये पाठीवर खोलगट खाच. सिमोसेफॅलस पाणवनस्पतीला पाठीने चिकटून बसते, म्हणून ती मधल्या पाण्यात सापडत नाही.

आता नमुने घेण्याकडे येऊ. इथे जी गफलत होते ती पुढे कुठल्याही संगणक प्रणालीने दुरुस्त होत नाही.

वेळ कॅलेंडर पाहून ठरवू नका. सोलापुरात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना असतो आणि काही वर्षी तलावात खरं पाणी तेव्हाच येतं. पहिली फेरी नवं पाणी साचल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी घ्या, म्हणजे उबवून आलेली पिढी मोठी झालेली असेल पण झीज सुरू झालेली नसेल. दुसरी त्यानंतर तीन महिन्यांनी, तिसरी फेब्रुवारीच्या शेवटी. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. सिद्धेश्वरला जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असते, ते दिवस सोडून जावं.

जाळीची वीण मोईनासाठी १०० मायक्रॉन, फक्त डॅफ्निया हवी असेल तर १५० ते २०० मायक्रॉन. पावसाळ्यात काळ्या मातीचा गढूळपणा बारीक जाळी मिनिटभरात बुजवतो. बुजलेल्या जाळीसमोरचं पाणी बाजूने निघून जातं आणि पिसवाही त्याच्याबरोबर निसटतात. म्हणून लांब ओढण्याऐवजी तीन-चार मीटरच्या छोट्या ओढी घ्या आणि दर ओढीनंतर जाळी बाहेरून पाणी मारून धुवा. प्रत्येक तलावात किमान पाच ठिकाणं हवीत: मधलं पाणी, वाऱ्याच्या दिशेचा काठ, त्याच्या समोरचा काठ, वनस्पतींचा भाग आणि पाणी आत येतं ती जागा. पिसवा थव्याने राहतात आणि एका थव्यात एकाच क्लोनची गर्दी असू शकते. वीसच्या वीस एका घाटावरून घेतल्या असतील तर एवढ्या एका कारणानेही विविधता कमी दिसेल. दुपारी कडक उन्हात त्या खाली जातात, तेव्हा पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जा, किंवा तळापासून वरपर्यंत उभी ओढ घ्या.

प्रत्येक तलावासाठी जाळी वेगळी असणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर दोन तलावांच्या मध्ये जाळी ६० अंशांपेक्षा गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. नुसती उन्हात वाळवून भागत नाही, कारण विणीत अडकलेली इफिपियम वाळून मरत नाहीत. ही काळजी फक्त तुमच्या निकालांसाठी नाही. संशोधकाच्या जाळीने एका तलावातली वंशरेषा दुसऱ्यात नेणं हे तलावाचंच नुकसान आहे.

किती प्राणी? एखाद्या क्लोनचा वाटा पाच टक्के असेल तर २० प्राण्यांत तो एकदा तरी सापडण्याची शक्यता साधारण ६४ टक्के असते, ४४ प्राण्यांत ती ९० टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्येक तलावातून प्रत्येक फेरीला ४४ प्राणी, त्यांतल्याच दोघांची पुनरावृत्ती आणि दोन कोऱ्या नळ्या असा ४८ चा हिशेब ठेवला तर ९६ घरांच्या प्लेटमध्ये दोन तलाव बरोबर बसतात. पाच ठिकाणांहून समप्रमाणात, प्रौढ माद्या, डोळ्यांत भरतील त्या न निवडता समोर येतील तशा घ्या. जिच्या पाठीवर इफिपियम आहे तिची अंडी सुईने काढून टाका. त्यात बापाची जनुकं असतात, आणि मग एकाच जागी तीन युग्मविकल्पी (जनुकाची वेगवेगळी रूपं) दिसू लागले की पूर्ण नमुना संशयात जातो.

फॉर्मेलीन वापरू नका, ते डीएनए निकामी करतं. ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉल घ्या. निळं किंवा जांभळं रंगवलेलं स्पिरिट चालत नाही. नमुना चाळणीवर निथळून एका भागाला पाच भाग थंड इथेनॉल घाला आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण प्राण्यांतल्या आणि शैवालातल्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. बदलायचं राहून गेलं की दोन महिन्यांनी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) निम्म्या नमुन्यांत फसतो आणि दोष मात्र प्रायमरना, म्हणजे ती प्रक्रिया सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना, दिला जातो. सोलापूरच्या उन्हात गाडीत ठेवलेल्या बाटलीतून इथेनॉल उडून जातं. बर्फाची पेटी न्या, प्रयोगशाळेत उणे २० अंशांवर ठेवा. लेबल पेन्सिलीने कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

एका पिसूपासून डीएनए काढायला महागड्या किटची गरज नाही. प्राणी ऊर्ध्वपातित पाण्यात धुवा, इथेनॉल पूर्ण उडू द्या, नळीत चिरडा. त्यावर २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड व ०.२ मिलिमोलर ईडीटीए यांचं ४० मायक्रोलिटर द्रावण घालून ९५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. थंड झाल्यावर ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल तेवढंच, म्हणजे ४० मायक्रोलिटर घाला. यातलं १ ते २ मायक्रोलिटर पीसीआरला पुरतं. जास्त घातलं तर उलट प्रक्रिया अडते. सीओआयचा ६५८ अक्षरांचा नेहमीचा तुकडा फॉल्मर यांच्या सार्वत्रिक प्रायमरनी क्लाडोसेरामध्ये, म्हणजे जलपिसवांच्या गटात, वारंवार फसतो. प्राणीप्लवकांसाठी बनवलेले ‘झेडप्लँक’ प्रायमर अशा वेळी उपयोगी पडतात.

क्लोन ओळखायला मात्र केंद्रकातल्या अनेक जागा पाहाव्या लागतात. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांच्या जागा) वापरणार असाल तर ८ ते १२ जागा घ्या. कारण गणितात दिसतं: एका जागेवर दोनच युग्मविकल्पी असतील आणि दोन्ही सारख्या प्रमाणात असतील, तर लैंगिक प्रजननातून आलेले दोन प्राणी योगायोगाने सारखे दिसण्याची शक्यता ०.३७५ असते. अशा तीनच जागा पाहिल्या तर ती पाच टक्क्यांच्या वर राहते, आठ पाहिल्या तर दहा हजारांत चारच्या आसपास येते. तीन जागांवर ‘क्लोन’ घोषित करणारा प्रबंध परीक्षकाने परत पाठवला तर त्यात त्याची चूक नाही.

अडचण अशी की डॅफ्निया पुलेक्स किंवा मॅग्नासाठी शोधलेले मायक्रोसॅटेलाइट मोईनावर चालतील याचा भरवसा नाही. लुमहोल्ट्झीवरही काही जागा चालतील, काही मुळीच उमटणार नाहीत, आणि काहींत एक युग्मविकल्पी दडून राहिल्यामुळे विषमयुग्मजी प्राणी समयुग्मजी वाटेल. म्हणून तुमच्यासारख्या प्रकल्पात मी रॅड पद्धतीने जनुकसंचाचे हजारो छोटे तुकडे वाचण्याकडे झुकेन. त्याला एका प्राण्याचा डीएनए पुरत नाही, क्लोन वाढवावे लागतात.

क्लोन वाढवणं अवघड नाही, फक्त शिस्त लागते. एक मादी, एक बाटली, १०० मिलिलिटर पाणी. पाणी त्याच तलावाचं, २० मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेलं. नळाचं पाणी वापरायचंच झालं तर दोन-तीन दिवस उघड्यावर हवा सोडत ठेवा, नाहीतर क्लोरीनने पिसवा काही तासांत मरतात. तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी कधीच नको, तांब्याची अगदी थोडी मात्राही त्यांना विषारी असते. खायला क्लोरेला किंवा सिनेडेस्मस, इतकं की बाटलीच्या पलीकडची छापील अक्षरं हिरवट पण वाचता येतील. यीस्ट घालू नका, पाणी नासतं. तापमान २४ ते २६ अंश ठेवा. मार्चनंतर सोलापुरात बंद खोली सहज ३५ अंशांच्या वर जाते आणि डॅफ्नियाच्या बाटल्या एका दुपारीत संपतात, तेव्हा इन्क्युबेटर नसेल तर हे काम फेब्रुवारीच्या आत उरका. डीएनए काढण्याआधी एका क्लोनच्या ३० ते ५० प्रौढ माद्या प्रतिजैविकं घातलेल्या स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा आणि सेफाडेक्सचे बारीक मणी खायला द्या. आतड्यातलं शैवाल त्यामुळे बाहेर ढकललं जातं. हे केलं नाही तर वाचलेल्या क्रमांत शैवाल आणि जिवाणूंचाच भरणा होतो.

यात एक छुपा पक्षपात आहे, तो प्रबंधात लिहावा लागेल: काही क्लोन बाटलीत जगतच नाहीत. किती माद्या बाटलीत ठेवल्या आणि कितींपासून क्लोन उभा राहिला, हे दोन्ही आकडे द्या.

गाळाचं काम मेमध्ये करा, पाणी सर्वांत मागे गेलेलं असताना. हिप्परगा आणि होटगीला तेव्हा उघडा पडलेला तळ मिळतो. काठापासून सध्याच्या पाण्यापर्यंत एक रेष धरून पाच-सहा ठिकाणी वरचा दोन ते पाच सेंटिमीटर थर घ्या. भेगाळलेल्या काळ्या मातीत वरचा थर भेगेतून खाली गेलेला असतो, म्हणून भेगेचा काठ टाळून ढेकळाच्या मधोमध नमुना घ्या. अशा मातीत खोलीवरून वर्षं मोजायला जाऊ नका. तो हिशेब सतत पाण्याखाली राहिलेल्या, न ढवळलेल्या तळाच्या गाळकांडीवरच (नळीने उभ्या काढलेल्या गाळावरच) करता येतो.

चिकण माती थेट चाळणीवर घासली तर इफिपियम फुटतात. रात्रभर थंड पाण्यात भिजवून हलक्या धारेने १०० मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. उरलेला चोथा साखरेच्या दाट द्रावणात, म्हणजे एक किलो साखर एक लिटर पाण्यात, ढवळून कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करा. इफिपियम वर येतात, वाळूचे कण खाली बसतात. वर आलेलं लगेच साध्या पाण्यात धुवा, साखरेत जास्त वेळ राहिलेली अंडी आकसतात. दोन आठवडे अंधारात ४ अंशांवर ठेवून मग २४-२५ अंश, १६ तास प्रकाश आणि ताजं पाणी द्या. मोईना एक-दोन दिवसांत दिसू लागते, डॅफ्नियाला तीन ते पाच दिवस लागतात. रोज दोनदा पाहा आणि प्रत्येक पिल्लू लगेच वेगळ्या बाटलीत घाला. दोन दिवस उशीर केला तर मोईनाचं पिल्लू स्वतःच आई होतं आणि कोण गाळातून आलं हे सांगता येत नाही.

गाळात काय साठलेलं असतं याची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणं देतो. लेक कॉन्स्टन्स या युरोपातल्या सरोवरात १९६० च्या दशकापासून साठलेली अंडी उबवून केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात पोषकद्रव्यं वाढून विषारी शैवाल वाढल्यानंतरच्या थरांतली डॅफ्निया गॅलिएटा ते शैवाल अधिक सोसत होती. अमेरिकेतल्या मिनेसोटात तर कित्येक शतकांपूर्वीची अंडी उबवली गेली आहेत. शहरातल्या ज्या तलावावर हिरवी साय दिसते तिथे हा प्रश्न आपल्यालाही विचारता येईल.

आकडेमोडीत पहिला आकडा क्लोनच्या संख्येचा. वेगळे जनुकसंच वजा एक, भागिले प्राणी वजा एक. ४४ प्राण्यांत ६ जनुकसंच मिळाले तर ५ भागिले ४३, म्हणजे ०.१२. ३८ मिळाले तर ०.८६. चारही तलावांत प्राण्यांची संख्या सारखी नसेल तर ती सर्वांत लहान संख्येवर आणूनच तुलना करा. दोन नमुन्यांत एखाद्याच जागेचा फरक दिसला तर नवा क्लोन मोजू नका. पुनरावृत्तीच्या नमुन्यांत यंत्राची चूक किती येते ते बघून मर्यादा ठरवा. आर भाषेतलं ‘पॉपर’ हे पॅकेज या कामासाठीच आहे.

दुसरा आकडा विषमयुग्मतेचा, आणि तो दोनदा काढायचा: एकदा सगळे प्राणी धरून, एकदा प्रत्येक क्लोन एकदाच मोजून. तलावांमधला फरक दाखवणारा एफएसटीही दोन्ही प्रकारे द्या. एका तलावात एकाच क्लोनच्या ३० पिसवांची गर्दी असेल, तर सगळे प्राणी धरून काढलेला एफएसटी फुगतो आणि तलाव एकमेकांपासून तुटलेले वाटतात. क्लोन एकदाच मोजल्यावर तो फरक विरला, तर तलाव वेगळे नाहीत, फक्त त्या हंगामात वेगळे क्लोन जिंकले आहेत.

शेजारच्या तलावांत खरोखर फरक निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. होटगी, हिप्परग्याचे पाणपक्षी पिसांत आणि पोटात इफिपियम घेऊन फिरतात, मत्स्यबीजाच्या पाण्यातूनही नव्या पिसवा येतात. तरीही आधी आलेल्यांची संख्या आणि गाळातला साठा इतका मोठा असतो की उशिरा आलेल्याला जागा मिळणं कठीण जातं. मत्स्यबीज कुठून आणि कधी सोडलं ही नोंद मात्र तलावागणिक मिळवाच. दोन तलावांत एकच क्लोन सापडला तर पक्ष्यांच्या आधी तिकडे बघावं लागेल.

आणि विविधता कमी म्हणजे ती वसाहत दुबळी, असंही गृहीत धरू नका. केनियातल्या नायवाशा सरोवरात अमेरिकेतून आलेल्या, नराशिवायच वाढणाऱ्या एका क्लोनने तिथल्या मूळच्या भाऊबंद डॅफ्नियाला हटवलं, आणि तो आफ्रिकेत दूरवर पसरला.

तुमच्या हातात आज असलेल्या ८० क्रमांवरून प्रबंधात एवढं निश्चित लिहिता येतं: जानेवारीत चार तलावांच्या पाण्यात कोणत्या वंशरेषा होत्या, कोणती कुठे समान होती, आणि ओळखीतली नावं त्या क्रमांशी जुळतात का. उरलेला डीएनए टाकू नका. त्यावर आठ जागांचे मायक्रोसॅटेलाइट चालले तर जानेवारीची क्लोनसंख्या त्याच नमुन्यांतून मिळेल, आणि पुढच्या पावसानंतरची पहिली फेरी तिच्याशी ताडून पाहता येईल. क्रम जेनबँकेत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) जमा करताना तलावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहा. गाळाच्या पिशव्यांवरही हेच चार तपशील असू द्या, आणि प्रत्येक तलावाच्या गाळातला थोडा भाग न वापरता अंधारात, थंडीत राखून ठेवा.